उद्यमनगरातल्या नानांना आभाराचं पत्र

आदरणीय नाना,
सप्रेम नमस्कार.

पत्र मुद्दाम उघडं लिहितोय. तुम्ही मला जे समजावून दिलंत ते नदीकाठच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या कामाचं आहे.

आमची शेती भोगावतीच्या काठाला. शेतीची लाईट रात्रीच्या पाळीत आली की काळोखातच पाणी पाजायला जावं लागतं. पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की मोटर वर ओढायची, तीही भर पावसात. मुंडी फिरवून लावायची माझी बॅटरी अशा वेळी आतून ओली व्हायची, काचेवर बाष्प धरायचं, सेलवर पांढरा थर यायचा. जिथं विचारलं तिथं ‘नवी घ्या’ एवढंच उत्तर. तुमचं दुकान हायड्रॉलिक सीलचं, तरी दारात जेसीबीवाले खोळंबले असताना तुम्ही ती हातात घेतलीत.

मुंडी काढून तुम्ही आट्यांच्या खालची काळी ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, लाकडी काडीनं अलगद उचललीत. सुई लावली की रिंगला चीर पडते, हे तेव्हाच सांगितलंत. जुनी रिंग बोटांत धरून दाखवलीत : बाहेरून चपटी, कडक, वाकवल्यावर बारीक भेगा. नवी नायट्राइल रबराची खाचेत बसवली तेव्हा ती खाचेच्या काठापेक्षा केसभर वर उठून राहिली. “हा उठाव आहे ना, तोच पाणी अडवतो,” हे तुमचे शब्द.

मुंडी कच्चून आवळली की पाणी थांबतं, अशीच आमच्याकडे समजूत. पण आटे म्हणजे गोल फिरत आत जाणारी वाटच, पाणी तिथून झिरपणारच. रिंग मात्र खाचेचा तळ आणि मुंडीची आतली गुळगुळीत भिंत यांच्यात दाबली जाते. रबराचं आकारमान दाबून कमी होत नाही, त्याचा फक्त आकार बदलतो, म्हणून खाच रिंगपेक्षा थोडी रुंद ठेवलेली असते. बाहेरून पाण्याचा दाब आला की रिंग पलीकडच्या कडेला सरकते आणि आणखी घट्ट बसते. नील्स क्रिस्टेन्सन यांना या रिंगचं अमेरिकन पेटंट १९३९ साली मिळालं. तुमच्या दुकानातले जॅक आणि सिलिंडर त्याच तत्त्वावर दाब धरतात.

तुमची स्वतःची मिनी मॅगलाइट दाखवलीत तेव्हा तर सगळं लख्ख कळलं. १९८४ सालापासूनची ही बॅटरी, मुंडी सैल केली की लागते! सैल असूनही पावसाचं पाणी आत जात नाही, कारण मुंडी पुढेमागे झाली तरी रिंग भिंतीला टेकूनच असते. ती आवळण्यावर विसंबूनच नाही.

पण फिरवायच्या बॅटरीत ही रिंग प्रत्येक वेळी घासते, त्यामुळं तिची निगा जास्त. वाळूचा कण पुसून काढायचा आणि सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यायचा. रिंगच सिलिकॉनची असेल तर मात्र ते ग्रीस नको, ती फुगते. आणि पाण्याखाली मुंडी फिरवायची नाही. सैल करताना आतली जागा वाढते, आतल्या हवेचा दाब उतरतो आणि पाणी ओढलं जातं. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडाली तरी बिघडत नाही, पण ती चाचणी बॅटरी तशीच ठेवून घेतात, मुंडी फिरवत नाहीत. खोक्यावरचा हा आकडा इतका नीट मला आजवर कुणी सांगितला नव्हता.

रिंगचे तेवढे पैसे घेतलेत, मजुरीचं नावही काढू दिलं नाहीत. यंदा पुराच्या पाण्यातून मोटर वर काढली, अंगावरचा कपडा कोरडा राहिला नाही, पण बॅटरी आतून कोरडी होती. तुमचे मनापासून आभार, नाना. शेजारच्या मळ्यातल्या दोघांच्या बॅटऱ्या घेऊन येतोय. एकीची खाचच ठेचली आहे, ती लेथवर साफ होईल का तेवढं बघा.

तुमचा,
भोगावतीकाठचा एक शेतकरी