रात्री दहानंतर दुकानातून दारू विकू देऊ नका

माननीय उत्पादन शुल्क मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

दारूची दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवू द्या, असा आग्रह विक्रेते धरतात. तो आपण मान्य करू नये. उलट बाटलीबंद दारूची किरकोळ विक्री रात्री दहाला थांबवावी, एवढ्यासाठी हे पत्र.

मी दारूबंदी मागत नाही. ज्याला घ्यायची आहे त्याला दुपार आहे, संध्याकाळ आहे. संध्याकाळी बाटली नेणारा बहुधा शुद्धीवर असतो, किती न्यायची हे त्याचं ठरलेलं असतं. साडेअकराच्या गिऱ्हाइकांत मात्र आधीच प्यायलेले, जवळची संपली म्हणून आलेले आणि तशाच अवस्थेत गाडी चालवत आलेलेही असतात. बारमध्ये निदान झेपत नसलेल्याला 'आता पुरे' म्हणणारं कुणीतरी समोर असतं. दुकानातून बाहेर पडलेली बाटली कुणासमोर उघडली जाते, हे कुणीच पाहत नाही. पुष्कळदा ती घरातच उघडते. मग मारहाण झाली तर रात्री एक वाजता त्या बाईने मुलांना घेऊन कुणाचं दार ठोठवायचं? विक्रीच्या वेळा ठरवताना विक्रेत्यांचे प्रतिनिधी आपल्याला भेटतात. ही बाई भेटायला येत नाही. तिचा विचार आपणच करायला हवा.

'पिणारा आधीच आणून ठेवेल' हे उत्तर मला माहीत आहे. पक्का व्यसनी ठेवेलही. त्याला उपचार हवेत, वेळेच्या बंधनाने तो सुटणार नाही. पण रात्री गप्पांत अचानक बेत ठरवणारी तरुण मुलं साठा करून ठेवत नाहीत. जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याने मार्च २०१० पासून रात्री १० ते पहाटे ५ या वेळेत दुकानं आणि पेट्रोल पंपांवरची दारूविक्री बंद केली. दारूमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या किशोरवयीन आणि तरुणांचं प्रमाण त्यामुळे सुमारे ७ टक्क्यांनी घटलं, असं अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात दिसलं. विक्रीचे फक्त काही तास कमी करून एवढा फरक पडत असेल तर तो थोडा नाही. डिसेंबर २०१७ मध्ये तिथे ही बंदी उठवली गेली, याचं मला वाईट वाटतं.

स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये दुकानातली विक्री रात्री दहालाच थांबते. लिथुआनियाने २०१८ पासून ती रात्री आठवर आणि रविवारी तर दुपारी तीनवर आणली. तिथे खरेदीचं किमान वय आणि जाहिरातींवरची बंदी हे बदलही सोबतच झाले, म्हणून सगळं श्रेय वेळेला देणार नाही. पण विक्रीचे दिवस आणि तास मर्यादित ठेवणं हा जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या धोरणात सुचवलेला उपाय आहे.

महसूल बुडेल, असं आपल्याला सांगितलं जाईल. पण त्या गल्ल्यासाठी रात्रभर राबणारे डॉक्टर आणि पोलीस दुसऱ्या खात्यांचे असतात, त्यांचा खर्च उत्पादन शुल्काच्या हिशेबात येत नाही. चोरट्या विक्रीची भीती मात्र खरी आहे. शटर अर्धं ओढून मागच्या दाराने विकणाऱ्याला किरकोळ दंड पुरणार नाही, त्याचा परवाना निलंबित व्हायला हवा. घरपोच सेवेलाही हेच बंधन लागू करा, आणि तेही बाटली हातात पडण्याच्या वेळेला. नाहीतर पावणेदहाला मागणी नोंदवून बारा वाजता बाटली दारात येईल आणि नियम कागदावर राहील.

हा निर्णय वर्षभरासाठी घेऊन पाहा. त्याआधीच्या आणि नंतरच्या वर्षातले रस्ते अपघात, घरगुती हिंसेच्या तक्रारी आणि आपत्कालीन कक्षात आलेले रुग्ण यांची तासवार आकडेवारी प्रसिद्ध करा. ती समोर येईपर्यंत वेळ वाढवण्याच्या कुठल्याही प्रस्तावावर सही करू नका, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक नागरिक