एक मीटर अंतरावरून

मुंबई

प्रिय मैत्रिणी,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळून पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण तू विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर फोनवर दोन वाक्यांत देणे मला योग्य वाटले नाही. तुझी लेक एम.एस्सी. करते आहे, पुढे माझ्यासारखे रुग्णालयातील किरणोत्सारी औषधांचे काम करावे असे तिच्या मनात आहे, आणि तुझ्या सासूबाईंनी तुला बाजूला घेऊन विचारले की त्या किरणांत काम करणाऱ्या मुलीला पुढे मूलबाळ होईल का. प्रश्न सासूबाईंचा म्हणून तू लिहिलास, पण तो तुझाही आहे हे मला वाचताच कळले. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. मी या क्षेत्रात आले तेव्हा माझ्या आईनेही मला हेच विचारले होते, आणि तेव्हा मला तिला धड उत्तर देता आले नव्हते.

आधी काम काय असते ते सांगते. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमध्ये किरण यंत्रातून निघतात आणि यंत्र बंद केले की थांबतात. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये मात्र किरणोत्सारी औषध रुग्णाच्या शरीरात दिले जाते, ते ज्या अवयवात जायचे तेथे जाते, आणि तेथून बाहेर पडणारे गॅमा किरण आमचा कॅमेरा टिपतो. म्हणजे किरणांचा उगम रुग्ण स्वतःच असतो; तो उठतो, चालतो, बाकावर बसतो, चहा पितो. कोणाला कोणते औषध द्यायचे ते डॉक्टर ठरवतात, इंजेक्शन आणि चित्रण तंत्रज्ञ सांभाळतात. पण औषध नेमके किती आहे, यंत्र खरे सांगते आहे का, आणि त्या रुग्णाच्या आसपास वावरणाऱ्यांना किती किरण लागतात, हे मोजून त्याची जबाबदारी घेणारा माणूस म्हणजे भौतिकतज्ज्ञ. रुग्णालयात पदार्थविज्ञानाच्या माणसाचे काय काम, असे माझ्या नातेवाइकांना अजूनही वाटते.

माझा दिवस सकाळी सातला हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषधे तयार करण्याच्या खोलीत, सुरू होतो. तिथे जनरेटर असतो: शिशाच्या जाड भांड्यात एक छोटी नळी, आणि तिच्यातील अॅल्युमिना नावाच्या भुकटीवर किरणोत्सारी मॉलिब्डेनम-99 धरून ठेवलेले असते. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे संपायला लागणारा वेळ, 66 तासांचे, आणि ते क्षय पावताना त्यातून टेक्नेशियम-99एम तयार होत राहते, ज्याचे अर्धायुष्य अवघे 6 तासांचे. एका बाजूला सलाइनची कुपी लावायची, दुसऱ्या बाजूला हवा काढून घेतलेली कुपी. सलाइन नळीतून ओढले जाते आणि टेक्नेशियम तेवढे धुऊन आणते, मॉलिब्डेनम मागेच राहते. रात्रभरात पुन्हा टेक्नेशियम साठते आणि सकाळी पुन्हा काढता येते. या क्रियेला आमच्याकडे सगळे मिल्किंगच म्हणतात, आणि मला दर वेळी आपल्या आजोळचा गोठा आठवतो, कारण हे खरोखर धार काढण्यासारखेच आहे: वेळ ठरलेली, हात ठरलेला, आणि घाई केली तर पदरात काही पडत नाही. कुपीत उतरते ते अगदी पाण्यासारखे दिसते. रंग नाही, वास नाही, हाताला ऊब नाही. तू समोर उभी असतीस तर तुला त्यात काही आहे असे वाटलेच नसते, आणि म्हणूनच मोजल्याशिवाय त्याच्याविषयी एक शब्दही बोलायचा नसतो.

पण मोजणारे यंत्र तरी खरे बोलते का? म्हणून रोज आधी सिझियम-137 चा छोटा स्रोत त्यात ठेवून पाहायचा. त्याचे अर्धायुष्य 30 वर्षांचे, त्यामुळे कालच्या आणि आजच्या आकड्यात फरक पडण्याचे कारणच नाही. पडला तर दोष यंत्रात. मग काढलेल्या औषधात मॉलिब्डेनम झिरपले आहे का ते पाहायचे. किरणोत्सार आम्ही क्युरीत मोजतो, आणि मिलिक्युरीचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोक्युरी; एक मिलिक्युरी टेक्नेशियममागे 0.15 मायक्रोक्युरीपेक्षा जास्त मॉलिब्डेनम असेल तर ते औषध कोणालाही द्यायचे नाही, बाहेर कितीही रुग्ण उपाशीपोटी बसलेले असोत.

त्यानंतरचे गणित घड्याळाशी असते. समज, हाडांच्या स्कॅनसाठी सकाळी अकराला 20 मिलिक्युरीची सिरिंज भरून ठेवली आणि कसाऱ्याहून येणारा रुग्ण लोकल रखडल्यामुळे दोनला पोहोचला, तर सिरिंजमध्ये 14 उरलेले असतात. पेट स्कॅन नावाच्या दुसऱ्या तपासणीसाठी लागणाऱ्या फ्लोरिन-18 चे अर्धायुष्य तर 110 मिनिटांचेच. ते ज्या यंत्रात तयार होते त्या सायक्लोट्रॉनहून निघालेली गाडी दोन तास वाहतुकीत अडकली की निम्म्याहून अधिक औषध रस्त्यातच संपते. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन 2002 साली आमच्या परळमध्येच सुरू झाला, तरीही मुंबईच्या रस्त्यांपुढे कोणाचे काही चालत नाही. आणि 2009 साली मॉलिब्डेनम बनवणारी कॅनडातील चॉक रिव्हरची अणुभट्टी वर्षाहून अधिक काळ बंद पडली तेव्हा जगभर मॉलिब्डेनमची टंचाई झाली होती; इतक्या लांबच्या एका भट्टीवर इतक्या रुग्णांचे स्कॅन अवलंबून असू शकतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले.

हे सगळे मला आवडतेच. पण लेकीने हे काम करावे की नाही ते ज्यावरून ठरवावे असे मला वाटते, ते काम दुसऱ्या मजल्यावरच्या आयसोलेशन खोलीत असते.

थायरॉइडच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या पेशी नष्ट करण्यासाठी आयोडीन-131 देतात. थायरॉइडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात, म्हणून औषध नेमके त्यांच्यापर्यंत पोहोचते. 1941 साली बोस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी थायरॉइडच्या विकारावर हाच मार्ग पहिल्यांदा वापरला. मात्र रुग्णाला काही दिवस एकटे राहावे लागते. खोलीच्या भिंती जाड, दाराला शिसे, नळाच्या मुठीला, फोनला आणि दिव्याच्या बटणांना प्लॅस्टिकचे आवरण, आणि त्या खोलीतले सांडपाणी थेट गटारात न जाता वेगळ्या टाक्यांत साठवून, किरणोत्सार ओसरल्यावरच सोडले जाते.

गेल्या पावसाळ्यात तिथे एक बाई होती. वय तिशीच्या आसपास, घरी चार वर्षांचा मुलगा. औषधाची कॅप्सूल शिशाच्या डबीतून घेताना तिचा हात थरथरत नव्हता, पण दार बंद होताना तिने मला विचारले, "मॅडम, मी आता विषारी झाले का?" मी तिला खोटा धीर दिला नाही. खोलीत पलंगापासून एक मीटरवर जमिनीला पिवळी पट्टी चिकटवलेली आहे. तिथे उभी राहून मी किरण मोजणारा मीटर तिच्या पोटाच्या उंचीवर धरला आणि आकडा तिला वाचून दाखवला: ताशी 190 मायक्रोसिव्हर्ट (सिव्हर्ट हे शरीराला लागणाऱ्या किरणांचे माप). मग दोन पावले मागे सरकून दोन मीटरवर पुन्हा वाचला. आकडा साधारण चौथ्या हिश्शावर आला होता. अंतर दुप्पट केले की मारा चौथाई होतो, हे आपण शाळेत दिव्याच्या प्रकाशाविषयी शिकलो होतो, तेच. ती काही बोलली नाही, पण तिने मीटरकडे टक लावून पाहिले. भरपूर पाणी प्या, लघवीवाटे औषध बाहेर पडते, आणि लिंबाच्या गोळ्या चघळत राहा म्हणजे लाळग्रंथींना त्रास कमी होईल, एवढे सांगून मी निघाले. दुसऱ्या सकाळी 96. आकडा मी सांगण्याआधीच तिने विचारला. तिसऱ्या सकाळी 31, आणि तो तिने स्वतः कागदावर लिहून घेतला, आधीच्या दोहोंच्या खाली, घरच्या हिशेबाच्या वहीत लिहितात तसा. जाताना तिला सांगितले की काही दिवस वेगळे झोपायचे आणि मुलाला मांडीवर घ्यायचे नाही. किती दिवस ते मी तारखेनिशी लिहून दिले. तिने ती तारीख दोनदा वाचली.

आता एक कडू गोष्ट. पूर्वी मी ज्या रुग्णालयात होते तेथे खाट रिकामी हवी म्हणून असाच एक रुग्ण एक दिवस आधी घरी सोडण्यासाठी माझ्यावर दबाव आला. आकडा घरी सोडण्याच्या मर्यादेच्या थोडाच वर होता, आणि "एवढ्याने काय होते" असे मला सांगण्यात आले. खरोखर पाहता त्या रुग्णाच्या घरच्यांना त्यामुळे मोठे नुकसान झाले असते असे मीही म्हणणार नाही. पण किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी म्हणून त्या कागदावर सही माझी होती, आणि जो आकडा मी रुग्णाला तोंडावर सांगते तोच कागदावर बदलून लिहायचा, हे माझ्याच्याने झाले नाही. तो दिवस फार वाईट गेला. त्याच ठिकाणी मी काही जणांना आपला टीएलडी बॅज, म्हणजे अंगाला लागलेले किरण नोंदवणारा बिल्ला, टेबलाच्या खणात ठेवून काम करताना पाहिले, नोंद कमी यावी म्हणून. माझ्या मते या क्षेत्रात खरी भीती बाळगायची तर ती अशा सवयींची.

आता तुझा प्रश्न. आम्हा सर्वांच्या छातीवर हा बॅज असतो, दर तीन महिन्यांनी तो तपासून त्या काळात किती किरण लागले त्याची नोंद होते, आणि बोटांसाठी वेगळी अंगठी असते, कारण सिरिंज हातात धरणाऱ्या बोटांनाच सर्वांत जास्त लागते. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (एक मिलिसिव्हर्ट म्हणजे हजार मायक्रोसिव्हर्ट), आणि कोणत्याही एका वर्षात 30 पेक्षा जास्त नाही. तुलनेसाठी सांगते, जमीन, आकाश, अन्न आणि हवा यांतून जगातल्या कोणत्याही माणसाला सरासरी वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट नैसर्गिकपणेच मिळतात. इतक्या वर्षांत माझी वर्षाची नोंद कधीही या नैसर्गिक आकड्याच्या पुढे गेलेली नाही. हे आपोआप होत नाही; सिरिंजला टंगस्टनचे आवरण, शक्य तितका कमी वेळ जवळीक, आणि विनाकारण रुग्णाच्या शेजारी उभे राहून गप्पा न मारणे, यांतून ते होते. सासूबाई शिशाच्या अॅप्रनविषयी विचारतील. टेक्नेशियमसाठी तो बऱ्यापैकी उपयोगी आहे, पण फ्लोरिनच्या किरणांपुढे अर्धा मिलिमीटर शिसे जवळजवळ काहीच अडवत नाही. तिथे अंतर आणि वेळ हाच अॅप्रन.

माझ्या दोन्ही गरोदरपणांत मी याच कामावर होते. दिवस गेल्याचे कळताच मी विभागात लेखी कळवले. त्यानंतर पोटातल्या बाळासाठी मर्यादा उरते ती 1 मिलिसिव्हर्टची, सर्वसामान्य नागरिकाला वर्षाची असते तेवढीच. माझे हॉट लॅब आणि आयोडीनचा वॉर्ड दोन्ही थांबले; कॅमेऱ्याची तपासणी, प्रतिमांचे गणित आणि नोंदी यांत ते महिने गेले. सुरुवातीला सहकाऱ्यांवर भार पडतो म्हणून मला अपराधी वाटे. एका ज्येष्ठ बाईंनी मला समजावले की नियम पाळणे म्हणजे कोणाकडून उपकार घेणे नव्हे. थोरली आता बारावीत आहे, धाकटा तुझ्या भाच्याच्या वयाचा, आणि दोघे कसे आहेत ते तू गेल्या मे महिन्यात पाहिलेच आहेस. एवढे सासूबाईंना वाचून दाखव.

एक चूकही सांगते, म्हणजे लेकीला सगळे सुरळीत असते असे वाटायला नको. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सुईचे टोपण काढताना टेक्नेशियमचा एक थेंब माझ्या हातमोज्यावर पडला, आणि ते न कळता मी त्याच हाताने दाराची मूठ धरली. संध्याकाळच्या पाहणीत मीटर त्या मुठीपाशी करकरू लागला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मूठ पुसली, टिपकागद पिशवीत बांधून तारीख लिहून ठेवला, आणि खोली बंद केली. दहा अर्धायुष्ये, म्हणजे 60 तास गेले की हजारातला एक भाग उरतो. सोमवारी सकाळी तिथे काहीच लागत नव्हते. तेव्हापासून हातमोजे काढल्याशिवाय मी कोणत्याही दाराला हात लावत नाही, घरीसुद्धा स्वयंपाकघरातून बाहेर येताना हात आधी पाहते.

मार्ग असा आहे: एम.एस्सी.नंतर भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम. तो केलेले बहुतेक जण रेडिओथेरपीत, म्हणजे किरणांनी कर्करोगावर उपचार करण्याच्या विभागात, जातात, न्यूक्लिअर मेडिसिनकडे कमी वळतात, त्यामुळे इथे माणसांची गरज आहे. प्रवेशासाठी तिला अणुभौतिकी पक्की लागेल, पण त्याहून अधिक तिने हे पाहावे की आकडा विचारला की तिला तो सांगावासा वाटतो का, की ती "काही होत नाही हो" म्हणून पुढे जाते.

दिवाळीच्या सुट्टीत तिला चार दिवस माझ्याकडे पाठव. रविवारी रात्रीच पोहोचू दे, कारण सोमवारी सकाळी नवा जनरेटर येतो आणि आठवड्यातली सगळ्यात भरघोस धार त्या दिवशी निघते. परवानगी मी काढून ठेवते. ती काचेच्या या बाजूला उभी राहील, आणि तिच्या छातीवरही किरण मोजणारा छोटा मीटर लावीन. संध्याकाळी त्याचा आकडा ती स्वतः वाचेल आणि तुला फोन करून सांगेल.

घरी सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझीच,
बालमैत्रीण