रॅम्पवर गाडी न्यूट्रलला ठेवायचा नियम प्लीज बदलूया

अध्यक्ष काका, नमस्कार

परवा रात्री रॅम्पवर जे झालं ते तुमच्या कानावर आलंच असेल. ती गाडी माझी होती, चूकही माझीच होती, आणि पिलरच्या प्लास्टरचा खर्च मी देणार आहे, त्याबद्दल काही वादच नाही. पण त्याच्याआधी काय झालं ते कमिटीने नीट वाचावं म्हणून हे लिहितेय.

आपल्याकडे पार्किंग कमी म्हणून रात्री उशिरा येणाऱ्यांनी रॅम्पच्या कडेला गाडी लावायची आणि न्यूट्रलला ठेवायची, म्हणजे सकाळी वॉचमनला ढकलता येते, असं ठरलंय. मी तशीच लावली, हँडब्रेक ओढला, डॅशबोर्डवर लाल दिवा लागला, उतरून वर गेले. वीसेक मिनिटांनी खालून आवाज आला. गाडी आठ-दहा फूट घरंगळून पिलरला टेकली होती आणि मधे वॉचमन काकांची लाल प्लास्टिकची खुर्ची, तिचे पुढचे दोन पाय बंपरखाली चेपलेले. ते त्या वेळी बाटली भरायला नळावर गेले होते म्हणून वाचले. ती खुर्ची बघितली ना काका, त्यानंतर झोपच नाही लागली.

दुसऱ्या दिवशी गॅरेजला नेली. हँडब्रेकचा दांडा ओढताना कट कट आवाज येतो तो मेकॅनिकने मोजला, माझ्या गाडीचे अकरा झाले, दांडा पार उभा. साधारण पाच ते आठमध्ये घट्ट व्हायला पाहिजे, गाडीगाडीत फरक असतो, मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असतो. मला वाटलं नट आवळला की झालं, दांड्यामागचं कव्हर काढलं की केबलचा नट दिसतो, दहा नंबरच्या पान्याने पाच मिनिटांचं काम. पण तो म्हणाला, ताई आधी मागची चाकं उघडू द्या. ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा डबा, काढला तर आतून काळी पूड पडली, डावीकडचे लायनर, म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक धरणाऱ्या पट्ट्या, घासून पातळ झालेले आणि उजवीकडची केबल गंजून म्यानातच अडकलेली, म्हणजे इतके दिवस हँडब्रेक एकाच चाकाला लागत होता आणि तोही अर्धवट. नुसता नट आवळला असता तर दांडा घट्ट लागला असता आणि मी खूश होऊन परत तशीच गाडी लावली असती! शिवाय जास्त आवळला की लायनर चालताना पण ड्रमला घासत राहतो, चाक तापतं, ॲव्हरेज पडतं. त्याने लायनर आणि केबल बदलली, मागे ड्रमचं सेटिंग केलं आणि सगळ्यात शेवटी नट आवळला. मग दांडा खाली ठेवून दोन्ही चाकं हाताने फिरवून दाखवली, मोकळी फिरत होती. आता सहा कटला घट्ट होतो.

आणि तो लाल दिवा, तो फक्त दांडा वर आहे एवढंच सांगतो, चाक धरलंय की नाही ते त्याला कळत नाही. हे मला इतकी वर्षं गाडी चालवून माहीत नव्हतं, बाकीच्यांनाही नसेल.

तर माझी विनंती अशी की निदान रॅम्पवर तरी न्यूट्रल बंद करा. पायाने ब्रेक दाबून ठेवायचा, हँडब्रेक ओढायचा, मग गिअर टाकायचा, तोंड चढाला असेल तर पहिला, उताराला असेल तर रिव्हर्स, ऑटोमॅटिक असेल तर हँडब्रेक आधी आणि पी (पार्क) नंतर, आणि चाक भिंतीकडे वळवून ठेवायचं. सकाळी गाडी हलवायची असेल तर वॉचमनने इंटरकॉम करावा, उतारावर गाडी ढकलायचं काम त्यांच्याकडून करून घेऊ नये, ते बरोबरच नाही. काही जण म्हणतील पावसाळ्यात हँडब्रेक लावून ठेवला की जाम होतो. होतो, गाडी आठ-दहा दिवस ओली उभी राहिली तर लायनर ड्रमला चिकटतो, पण ते खाली सपाटीवर उभ्या गाड्यांचं, तिथे गिअर आणि चाकाला ठोकळा पुरतो. सोसायटीने दहा-बारा लाकडी ठोकळे करून घ्यावेत. विटा नकोत, वीट गाडीच्या वजनाने फुटते.

आणि येत्या रविवारी सगळ्यांच्या गाड्या एकदा बघून घेऊ. रॅम्प रिकामा करायचा, खाली कोणी उभं राहायचं नाही, एकेकाने गाडी मध्यावर थांबवून इंजिन चालू ठेवून हँडब्रेक ओढायचा, न्यूट्रल करायचं आणि पाय हळूहळू उचलायचा पण ब्रेकवरून बाजूला न्यायचा नाही. जराही सरकली तर गाडी गॅरेजला. एका गाडीला दोन मिनिटं लागतात.

मी सकाळी साडेनऊपासून खाली असेन, ग्रुपवर मेसेज तुमच्या नावाने गेला तर लोक येतील. वॉचमन काकांसाठी नवीन खुर्ची मी आणलीये, फक्त ती आता रॅम्पच्या समोर नको, गेटच्या आतल्या बाजूला ठेवायला सांगा.

तुमची,
बी विंग, दुसरा मजला