कबुलीच्या पुढचं लिही

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला एपिसोड वाचला. संवाद छान जमलेत, तो वॉचमन तर डोळ्यांसमोर उभा राहतो. पण शेवटी इन्स्पेक्टर आरोपीच्या थोबाडीत मारतो, तो रडत गुन्हा कबूल करतो आणि प्रकरण मिटतं, तिथे मला तुझ्याशी भांडायचंय.

सत्र न्यायालयात लघुलेखक म्हणून मी आयुष्यभर साक्षी टाइप केल्या. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात हेच होतं आणि 1 जुलै 2024 ला लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हेच आहे. कोठडीतल्या आरोपीनं सांगितलेल्या जागी चाकू सापडला, तर तेवढ्या शोधापुरतं त्याचं बोलणं ग्राह्य धरतात, बाकी नाही. मारून कुणाकडूनही काहीही वदवून घेता येतं, म्हणून हा नियम. तुझ्या गोष्टीत मात्र ती थप्पड म्हणजेच तपास, आणि घरोघरी लोक ती बघून म्हणणार, बरं केलं!

बाकी सवलती खुशाल घे. आमच्याकडे न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत, साक्षीदार गीतेवर हात ठेवत नाही; शपथ नुसती तोंडी असते, ईश्वराला स्मरून किंवा प्रतिज्ञेवर. पडद्यावर हे दाखवल्यानं कुणाचं वाईट होत नाही. कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल, यायला महिनोन्महिने लागतात, 'सीआयडी'त तो जाहिरातीच्या आत यायचा, तरी आपण सगळे आवडीनं बघायचोच की. गोष्ट सांगायची तर वेळ आक्रसणारच.

तुला नाट्य हवंय ना? मग पंचाचा, म्हणजे जप्तीच्या वेळी हजर असलेल्या साक्षीदाराचा, उलटतपास लिही. रस्त्यावरचा शहाळेवाला, पोलिसांनी हाक मारली म्हणून पंच झालेला. काही वर्षांनी समन्स येतं आणि धंदा बुडवून तो पिंजऱ्यात उभा राहतो. सरकारी वकील मुद्देमालाचं पाकीट पुढे करतात. लाखेचं सील, लेबलवर सही. "सही तुमचीच?" "हो." मग बचावाचे वकील सावकाश उठतात. "सही कुठे केलीत? जागेवर की पोलीस ठाण्यात?" तो आधी तपास अधिकाऱ्याकडे बघतो, मग खाली. "पोलीस ठाण्यात." झालं, पंचनामा डळमळला! पुढचं वाक्य न्यायाधीशांनी सांगायच्या आधीच माझ्या बोटांत असायचं: "हे म्हणणे खरे नाही की, मी पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे."

अशा खटल्यात आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला, की मेलेल्याची आई कोर्टाच्या जिन्यात विचारते, "त्यानं पोलिसांपुढे कबूल केलं होतं ना? मग सुटला कसा? पैसे खाल्ले का?" तिला कायदा कुणी सांगितलेलाच नसतो. तिनं फक्त मालिका बघितलेल्या असतात. मला तुमचा राग येतो तो तिच्यासाठी.

1959 चा नानावटी खटला आठव, पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याचा. 'ब्लिट्झ' साप्ताहिकानं नानावटींची बाजू उचलून धरली होती, ज्युरीनं 8 विरुद्ध 1 अशा मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. उच्च न्यायालयानं ते फिरवून जन्मठेप दिली. पुढे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. ज्युरी गेली, पण फिर्यादी, पंच, साक्षीदार आजही टीव्हीसमोरून उठूनच कोर्टात येतात.

तेव्हा एक दिवस सुट्टी काढ. काही खटले सोडले तर कोर्ट सगळ्यांना खुलं असतं, मागच्या बाकावर कुणीही बसू शकतं. ओशिवऱ्याच्या ऑफिसातल्या तुझ्या मित्रमैत्रिणींनाही आण. चर्चगेटला उतरून काळा घोड्यापर्यंत चालत या, मी फाटकाशी थांबते. मोबाइल मात्र बंद ठेवायला सांग. आणि तो शेवटचा सीन चॅनेलला पाठवू नकोस, आधी एक उलटतपास ऐक.

तुझी,
आई