टँकमध्ये पाणी भरण्याआधी एवढं वाच

मित्रा,

तुझा मेसेज वाचला, खाऱ्या पाण्यातल्या मासे-कोरलचा (प्रवाळांचा) टँक बनवायला टाकला म्हणून, आणि खरं सांगतो दोनदा वाचला. इतकी वर्षं मी तुला कोरलचे फोटो पाठवतोय आणि तू नुसता अंगठा पाठवायचास, त्यामुळे तुझ्या डोक्यात हे शिजतंय हे मला कळलंच नाही. फार आनंद झाला रे. फोनवर मी भरकटतो म्हणून लिहूनच पाठवतोय, लांब होणार आहे, निवांत बसून वाच.

आधी पाण्याचं, कारण पुढचे बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात. नळाचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी त्यात फॉस्फेट असतं, सिलिकेट असतं, पाइपमधून तांबं येऊ शकतं, आणि माशांना सहज चालेल इतकं तांबंसुद्धा कोळंबी, गोगलगायी, कोरल यांच्या जिवावर उठतं. म्हणून आरओ फिल्टर, त्याच्यापुढे उरलेले क्षार काढणारा डीआय फिल्टर, आणि विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर ० दिसलं तरच ते पाणी घ्यायचं. घरात पिण्याच्या पाण्याचा फिल्टर आहे की, असं तू म्हणशील, मलाही तसंच वाटलं होतं, पण त्यातले बरेच फिल्टर चवीसाठी खनिजं परत मिसळतात, मीटर बुडवून बघ म्हणजे कळेल. मीठ फक्त मरीन सॉल्ट मिक्स. स्वयंपाकातलं मीठ म्हणजे जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड, समुद्रात त्याच्या जोडीला मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट, बायकार्बोनेट असं बरंच असतं आणि कोरलला सांगाडा बांधायला त्यातलंच लागतं. खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) धर, म्हणजे २५ अंशाला स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, शुद्ध पाण्याच्या तुलनेतली घनता, १.०२६ च्या आसपास. आणि खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणाने सेट कर, शुद्ध पाण्यावर शून्य जुळलं म्हणजे झालं असं नाही. माझा शून्याला बरोबर आणि ३५ ला ३ ने चुकत होता, आणि हे मला कळायला तीन महिने गेले, तोपर्यंत झोआ नावाचे कोरल का उघडत नाहीत म्हणून मी लाइटच वर-खाली करत बसलो होतो.

अजून एक, पाणी उडून पातळी खाली गेली की वरून खारं पाणी घालायचं नाही. मिठागरात होतं तेच टँकमध्ये होतं, पाणी जातं आणि मीठ मागे राहतं. त्यामुळे भर घालायची ती डीआयच्या गोड्या पाण्याची, रोज, थोडी थोडी. ही भर आपोआप घालणारा ऑटो टॉप-ऑफ मिळाला तर पहिल्या दिवसापासून लाव.

मग सायकल, म्हणजे टँकमध्ये कामाचे बॅक्टेरिया जमवणं. दगड आणि वाळू टाक, अमोनियाचा सोर्स दे आणि थांब. एक जातीचे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट, आणि त्यांची वस्ती जमायला चार-सहा आठवडे जातात, कधी जास्तही. त्या काळात टँक रिकामा असतो आणि घरातले विचारतात की मासे कधी आणणार. कोणाच्याही सांगण्यावरून घाई करू नकोस. सायकल झाल्यावरसुद्धा आधी तपकिरी थर येईल, ते डायटम नावाचं सूक्ष्म शैवाल, मग हिरवं केसाळ शेवाळ, कधी लालसर जांभळा गिळगिळीत थर म्हणजे सायनोबॅक्टेरिया. त्या वेळी टँक इतका वाईट दिसतो की सगळं उपसून परत धुवून लावावंसं वाटतं. मी एकदा ते केलं आणि जमलेली वस्ती घालवून परत पहिल्यापासून सुरुवात केली. तू करू नकोस, गोगलगायी सोड, खायला कमी घाल, दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदल आणि थांब.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कोणी सांगितलं नाही कारण सांगायला कोणी नव्हतंच. जिथे हा छंद जुना आहे तिथे माणूस काही बिनसलं की बाटलीत पाणी भरून जाणत्याकडे जातो, शेजारच्या टँकमधून दगड आणतो, पार्ट मोडला तर संध्याकाळपर्यंत दुसरा मिळतो. आपल्याकडे यातलं काहीच नाही, म्हणून प्रत्येक वस्तू दोन ठेवावी लागते, निदान हीटर आणि रिटर्न पंप (पाणी फिरवून परत टँकमध्ये टाकणारा). लाइट गेली तर चालेल असा बॅटरीचा एअर पंप पण ठेव, कारण पाणी हललं नाही की आधी ऑक्सिजन संपतो. आणि वही ठेव. आपल्याला उत्तर फक्त टँकच देणार आहे, आणि मागच्या महिन्यात काय होतं ते लिहिलेलं नसेल तर तो काय म्हणतोय ते आपल्याला समजत नाही.

एकटं वाटलं की मी अ‍ॅना थिनची आठवण काढतो. १८४६ मध्ये तिने इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत कोरल लंडनला घरी आणले. पंप नाही, वीज नाही, अ‍ॅक्वेरियम हा शब्दसुद्धा अजून रूढ झालेला नाही, आणि पाण्यात हवा खेळावी म्हणून ती मोलकरणीकडून ते पाणी उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायची. मग जकार्ताचे ली चिन एंग, ज्यांनी समुद्रातला जिवंत दगड, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश एवढ्यावर मासे आणि कोरल जगवून दाखवले आणि १९६१ मध्ये ते लिहून छापलं. लाइव्ह रॉकची ही पद्धत आज आपण गृहीत धरतो, पण त्या माणसाने कोणाला विचारलं असेल? मला यातून खरंच धीर येतो.

माझा पहिला मोठा फटका तुला अर्धवटच माहितीय. हीटर चालू अवस्थेत अडकला, रात्रभर, आणि सकाळी पाणी ३२ अंश. कोरलच्या शरीरात जी सूक्ष्म शैवालं राहतात, जी त्याला प्रकाशातून अन्न करून देतात, ती उष्णतेने निघून गेली आणि कोरल पांढराफटक पडला, आत सांगाडा दिसेल इतका. दोन आठवडे लाइट कमी करून, बारीक खाद्य घालून मी प्रयत्न केले, पण एकेक करत बहुतेक सगळे गेले. माझा हॅमर नावाचा कोरल गेला तेव्हा मी महिनाभर टँकवर कापड टाकून ठेवलं होतं, ते तुला सांगितलं नव्हतं. आता हीटर वेगळ्या कंट्रोलरवर आहे आणि एका मोठ्याऐवजी दोन छोटे आहेत, एक अडकला तरी तो एकटा पाणी इतकं तापवू शकत नाही. तू सुरुवातच अशी कर.

पण त्या हॅमरचं पुढे ऐक. त्याच्या आठ महिने आधी मी एक फांदी कापून दुसऱ्या एका टँकवाल्याला दिली होती, तेव्हा आमच्यात तो आणि मी दोघेच होतो. माझा सगळा गेल्यावर तो न बोलावता आला आणि त्याच फांदीची दोन डोकी माझ्या हातात ठेवली. तेव्हापासून मी फ्रॅग, म्हणजे कोरलचे कापलेले तुकडे, जपून ठेवत नाही, वाटून टाकतो. जिथे नवं कोरल आणणं सोपं नाही तिथे दुसऱ्याच्या घरातला तुकडा हाच आपला बॅकअप. आणि आणायचंच झालं तर कागद बघ, सगळे कठीण सांगाड्याचे कोरल साइट्स (CITES) या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत, कागद नसलेलं घ्यायचं नाही, कितीही सुंदर असलं तरी.

कोरलचा क्रम असा ठेव की आधी मश्रूम, ग्रीन स्टार, लेदर हे सोपे मऊ कोरल, मग सहाएक महिन्यांनी हॅमर, आणि अ‍ॅक्रोपोरा हा नाजूक कठीण कोरल वर्षभर तरी नको. त्यांच्यासाठी अल्कलिनिटी (पाण्यातल्या बायकार्बोनेट-कार्बोनेटचं माप) ८ डीकेएच या एककात, कॅल्शियम ४२० आणि मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) जवळपास, पण आकड्यापेक्षा तो रोज तोच राहणं मोठं. खाली गेला तर एका दिवसात वर ओढू नकोस, अ‍ॅक्रोपोराची टोकं जळतात. मी यासाठी कॅल्शियम हायड्रॉक्साइडची निवळी वापरतो, म्हणजे आपली चुन्याची निवळी, टॉप-ऑफच्या पाण्यातून थेंब थेंब. तिचा पीएच १२ च्या वर असतो, एकदम ओतली तर टँक खलास.

मासे दोन क्लाउनपासून सुरू कर, टँकमध्ये जन्मलेले मिळाले तर तेच. दोन्ही लहान घे, मग जो वरचढ होईल तो मादी होतो. प्रत्येक मासा आधी वेगळ्या टँकमध्ये ठेव, औषध तिथेच, मुख्य टँकमध्ये तांब्याचं औषध कधीच नाही. मँडरिन बघून जीव जाईल तुझा, पण तो जिवंत कोपेपॉड (अगदी बारीक जलजीव) खातो आणि नव्या टँकमध्ये उपाशी मरतो, नको आणूस.

आणि हे हात जोडून सांगतो, झोआ किंवा पॅलिथोआ लागलेला दगड कधी उकळायचा नाही, ब्रशने घासायचा नाही. काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, वाफेतून किंवा तुषारांतून फुप्फुसात गेलं तर माणूस हॉस्पिटलमध्ये पोचतो, घरातले सगळे पोचतात. कापताना हातमोजे आणि चष्मा.

त्या हॅमरची माझ्याकडे आता अकरा डोकी आहेत. परवा त्यातली दोन कापून प्लगवर, म्हणजे छोट्या बैठकीवर, चिकटवली, कापलेली कड भरून येतेय, काल संध्याकाळी एकाने टेंटॅकल बाहेर काढले. ती तुझी. पण अमोनिया आणि नायट्राइट ० आणि शेवाळाचा तो सगळा प्रकार होऊन गेल्यावर, तोपर्यंत माझ्याकडेच वाढू दे. टेस्टचे आकडे दर रविवारी पाठवत जा, वहीचा फोटो काढून पाठवलास तरी चालेल. आणि न्यायला येशील तेव्हा थर्माकोलचा डबा घेऊन ये, वाटेत पाणी गार होता कामा नये.

तुझाच