मॅनेजर व्हायचंय म्हणतेस तर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

स्पोर्ट्स मॅनेजमेंटला प्रवेश घेतेय असं तू सांगितलंस, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "म्हणजे कबड्डी सुटलीच." तू गप्प झालीस. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मैदान सुटू नये म्हणून तू हाताला लागेल ते धरलंयस, असं त्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. शाळेच्या, तालुक्याच्या मुली घेऊन मी इतकी वर्षं स्पर्धांना जातेय. मॅनेजर ढिला असला की चांगल्या संघाची काय दैना होते, ते मी जवळून पाहिलंय. म्हणून सविस्तर लिहितेय.

आपल्या कराडचंच घे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं हेलसिंकीचं पदक तू बालवाडीपासून ऐकत आलीस. १९५२ साल, ५७ किलो गट, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण त्या दिवशी घडलेली एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. जपानच्या शोहाची इशीबरोबरची लांबलेली कुस्ती संपते न संपते, तोच त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोव्हसमोर उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्धा तास विश्रांती द्यायची, असा नियम होता. तो नियम पुढे करून पंचांशी वाद घालायला तिथे एकही भारतीय अधिकारी नव्हता. खाशाबा दमल्या अंगाने उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोव्हला रौप्य, आपल्याला कांस्य. अर्धा तास मिळाला असता तर काय झालं असतं, कोण सांगणार? पण तो त्यांच्या हक्काचा होता. लोकांनी वर्गणी काढून पाठवलेला माणूस, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी त्यांच्यासाठी घर गहाण टाकून सात हजार उभे केलेले, आणि ऐन वेळी त्यांच्या बाजूने बोलायला कुणी नाही! मला याचा आजही संताप येतो.

मॅनेजरचं काम काय, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते. खेळाडूने खेळावं. तिच्या हक्कासाठी बोलायला दुसरं कुणीतरी तिथे उभं असावं, आणि त्या माणसाला नियम तोंडपाठ असावा. आक्षेप लेखी द्यायचा असतो, फी भरायची असते, तीही ठरलेल्या वेळेत. सामना संपल्यावर आरडाओरडा करून काही मिळत नाही.

बाकीचं काम कागदांचं. संघ जाहीर झाला की बारा मुलींचे बारा फोल्डर कर. जन्मदाखला, आधार, बोनाफाईड, फोटो. मूळ प्रती वेगळ्या, झेरॉक्स वेगळ्या. दाखल्यावर 'वैष्णवी' आणि आधारवर 'वैशनवी' असेल, तर छाननीच्या टेबलावर कुणी ऐकून घेत नाही. ते घरी असतानाच निस्तरायचं. वजनाच्या दिवशी मुली पहाटेपासून पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत. काट्यावरून उतरलेल्या मुलीच्या हातात तिथल्या तिथे केळं, राजगिऱ्याचा लाडू आणि लिंबूसरबत पडलं पाहिजे. आयोजकांचा नाश्ता येईल तेव्हा येईल. मुक्कामाला पोचलीस की बॅगा ठेवायच्या आधी खोलीला आतून कडी आहे का, बाथरूमला दिवा आहे का, ते बघ. पॅडची पाकिटं तुझ्या पिशवीत कायम हवीत, मागायला लाजणाऱ्या मुली अजूनही असतात.

औषधांच्या बाबतीत मात्र कुणाचं ऐकू नकोस. सर्दी झाली म्हणून आईने दिलेली गोळी मुलगी बिनधास्त घेते. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं आणि स्पर्धेच्या काळात ते ठरावीक प्रमाणापलीकडे सापडलं तर ती उत्तेजक चाचणीत अडकते. "मला माहीत नव्हतं" हे खरं असलं तरी सुटका होत नाही, शरीरात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूचीच. वरच्या पातळीवर तर नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, चाचणी यादीतल्या खेळाडूला रोजचा एक तास, आपण कुठे सापडू, हे आधी कळवावं लागतं. बारा महिन्यांत तीनदा चुकलं की बंदीची वेळ येते. हे सगळं मुली लक्षात ठेवणार नाहीत. ते तुझ्या डोक्यात पाहिजे.

बाबांना ८३च्या वर्ल्डकपचं वेड. त्यांना मी आठवण करून दिली की त्या संघाबरोबर ना प्रशिक्षक होता, ना फिजिओ. चौदा खेळाडू आणि मॅनेजर पी. आर. मानसिंग. लॉर्ड्सच्या बाल्कनीतल्या फोटोत आपण कपिलला शोधतो, पण संघाची सगळी सोय बघणारा माणूस तो एकच होता. त्यावर बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. बरं वाटलं मला.

पैशाचं मात्र स्पष्ट सांगते. संघटनेचं काम बहुतेक मानधनावर, प्रवासखर्चाची बिलंही महिनोन्‌महिने अडकतात. २०१४ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि पुणेरी पलटण, यू मुंबा अशा संघांमुळे पगारी कामं निघाली, पण ती हंगामापुरती. पुढच्या वर्षी तू असशीलच असं नाही. म्हणून पदवी पूर्ण कर, हिशेब आणि करारपत्र वाचायला नीट शीक. मुंबईत क्रिकेटपटू नीलेश कुलकर्णींनी काढलेल्या स्पोर्ट्स मॅनेजमेंटच्या संस्थेचीही चौकशी कर. कसोटीत पहिल्याच चेंडूवर बळी घेणारे ते हेच. पतियाळाची एनआयएस, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्था, प्रामुख्याने प्रशिक्षकांची, तिकडे आत्ताच नको.

आणि अभ्यासक्रम सुरू व्हायची वाट बघू नकोस. जिल्हा निवड चाचणीला टेबलावर बसायला माणसं लागतातच. गुणपत्रक लिही, कागद तपासायला बस. मुलींच्या संघाबरोबर जाणाऱ्या बायका आजही कमी पडतात, तुला नाही म्हणणार नाहीत.

प्रवेशाची शेवटची तारीख आणि पहिल्या हप्त्याचा आकडा कळव. सोसायटीतून कर्ज काढायचा अर्ज मी भरून ठेवलाय, बाबांची सही तेवढी राहिलीय, ती ते करतील. गुडघ्याचे व्यायाम चुकवू नकोस, संघाबरोबर धावपळ करायची तर तो गुडघा लागणारच आहे.

तुझी,
आई