वाहून गेलेल्या बैलाचा पुरावा

ट्रॉम्सो, नॉर्वे
१८ जानेवारी

तीर्थरूप नाना आणि माय यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

गेल्या रविवारी फोन तुम्ही ठेवला की रेंज गेली, हे मला कळलं नाही. रेंजच गेली असं मी धरून चालते. पण आपलं भांडण अर्धवट राहिलं आणि अर्धवट भांडण मला पचत नाही, हे मायला ठाऊक आहे. म्हणून कागदावर लिहिते. भाऊची पोर वाचून दाखवेल. तिला म्हणावं, मध्ये गाळू नको.

आधी खुशाली. तब्येत ठणठणीत आहे. २७ नोव्हेंबरच्या सुमाराला इथला सूर्य गेला, तो अजून दिसलेला नाही. अगदी काळोखच असतो असं नाही. दुपारी बाराला आभाळ निळसर होतं, आपल्याकडे दिवे लागायच्या वेळेला कन्नडच्या घाटावर होतं तसं. दोन तासांनी पुन्हा मिट्ट. कामाला निघताना बुटांना लोखंडी दातांचं रबर चढवायचं आणि बाहीला चमकती पट्टी बांधायची, नाहीतर गाडीवाल्याला माणूस दिसत नाही. नगरपालिका बर्फावर बारीक खडी टाकते. वसंतात बर्फ वितळला की ती झाडायला आमच्या इमारतीतले झाडून सगळे फावडी घेऊन खाली उतरतात, त्यात डॉक्टरही आणि बसचा ड्रायव्हरही. त्याला हे लोक दुग्नाद म्हणतात. मी म्हटलं, ही तर आमची सावड! फक्त शेवटी कॉफी आणि सॉसेज.

मी काम करते त्या वृद्धांच्या घरात एक आजीबाई आहेत, एक्क्याण्णव वर्षांच्या. रोज विचारतात, "तुझ्या गावी आज सूर्य आहे का?" मी सांगते, आहे, गरजेपेक्षा जास्तच आहे. त्या म्हणतात, मग थोडा मागवून घे.

भरीत केलं होतं. वांगी मिळतात, पण नुसती चकचकीत. शिवाय कपाशीच्या काड्या कुठून आणू? ओव्हनमध्ये भाजली तर वास नाही, आणि गॅसवर धरली असती तर धुराचा अलार्म वाजून अख्खी इमारत खाली आली असती.

आता भांडण. तुम्ही म्हणालात, "तुमच्या तिकडे बरंय, काही झालं की सरकार आणून देतं." नाना, तसं नाही. इथं घराचा आगीचा विमा उतरवला की त्यातच पूर, वादळ, दरड, हिमकडा या सगळ्यांचा विमा आपोआप येतो, तसा कायदाच आहे. १९८० पासून सगळ्या विमा कंपन्यांची मिळून एक सामाईक गंगाजळी आहे आणि दर सगळ्यांना एकच. डोंगराच्या कडेला राहणाराही तोच दर भरतो आणि ज्याच्या दारी शंभर वर्षांत पाणी आलं नाही तोही तोच. सपाटीवरचे लोक कुरकुरत असतील, पण भरतात. शेतजमीन, बांध, खासगी रस्ता, म्हणजे ज्यांचा विमा निघत नाही, त्यांच्यासाठी सरकारची भरपाई वेगळी. माझ्याबरोबर काम करणाऱ्या बाईच्या तळघरात पाणी शिरलं तेव्हा तिने फोटो काढले, फॉर्म भरला, पहिला ठरावीक वाटा स्वतः सोसला, बाकीचे पैसे आले. कुणी हार घालून घेतला नाही, कुणी चेकचा मोठा पुठ्ठा धरून उभं राहिलं नाही. मला तेव्हा आपला ढवळ्या आठवला.

३१ ऑगस्ट २०२१. रात्रभर घाटात धो धो पाऊस, दरडी कोसळलेल्या, तितूर आणि डोंगरी दोन्ही नद्या अंगावर आल्या. चाळीसगावची दुकानं पाण्यात गेली आणि आपल्या गोठ्यात खुंट्याला बांधलेला ढवळ्या दाव्यासकट गेला. दोन शेळ्या गाळात सापडल्या, त्यांचा पंचनामा झाला. ढवळ्या सापडलाच नाही. मग काय सांगितलं आपल्याला? शवविच्छेदनाचा दाखला आणा. नदीने नेलेल्या बैलाचं शवविच्छेदन! मी तेव्हा जळगावला शिकत होते, तिकडून तुम्हाला तीनदा फोन केला, की पुन्हा अर्ज द्या, सरपंचाची सही घ्या, शेजारच्यांचे जबाब जोडा. आणि तुम्ही काय म्हणालात? "बैल गया, आते त्याना नाववर पैसा मांगू का?" फोनवर मी गप्प बसले. आज बसत नाही. मागायला हवे होते, नाना. ती भीक नव्हती.

माझा राग पैशावर नाहीच, या पुराव्यावर आहे. आपल्याकडे बुडालेल्यानेच सिद्ध करायचं की मी बुडालो. नुकसान तेहेतीस टक्के तरी हवं. २०१५ च्या आधी पन्नास टक्के लागायचं, ते कमी केलं हीच मोठी मेहेरबानी. बत्तीस टक्के कपाशी गेली तर तो नापास. २०१९ ला सांगली-कोल्हापूरकडे तर मोफत धान्यासाठी घर दोन दिवस पाण्याखाली असायला हवं, असा आदेश निघाला होता. म्हणजे पाण्यात उभं राहून घड्याळ बघायचं का? आणि त्याच पुरात धान्याच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो चिकटवलेले. केवढा गदारोळ झाला! तरी २०२५ ला मराठवाडा बुडाला तेव्हा मदतीच्या पिशव्यांवर पुन्हा फोटो. पिशवीवर छापायला यांना वेळ मिळतो, पण तलाठी मात्र बांधावर पोचत नाही. त्याचाही सगळा दोष नाही म्हणा. एका माणसाच्या गळ्यात किती गावं बांधायची?

त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. ऐकायला छाती दडपते. कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० आणि वर रब्बीसाठी १०,०००, तीन हेक्टरपर्यंत. कपाशीच्या एका हेक्टरला बियाणं, खत, फवारणी, वेचणी धरून किती लागतात ते मी तुम्हाला काय सांगू? आकडा मुंबईत कोटींत बोलला जातो आणि बांधावर येईपर्यंत हजारांत उरतो.

इथंही सगळं सोन्याचं नाही, हे पण लिहिते, म्हणजे तुम्ही म्हणणार नाही की पोरगी गोऱ्यांची झाली. ३० डिसेंबर २०२० ला ओस्लोजवळ येर्ड्रमला रात्रीत जमीन खचून घरंच्या घरं खाली गेली आणि दहा माणसं मेली. खाली एक चिकणमाती होती, हलली की ताकासारखी पातळ होणारी. शेजारचा ओढा वर्षानुवर्षं तिचा पायथा कुरतडत होता आणि वर घरं उभी राहत होती. सगळं मोजून-मापून ठेवणारा देश, आणि एका ओढ्याकडे दुर्लक्ष झालं. चारच दिवसांत राजा-राणी येऊन गेले, त्यांचेही फोटो आलेच. पण राजाचा फोटो कुणाच्या पिशवीवर नव्हता, एवढं म्हणेन. मार्च २०२३ मध्ये आमच्या उत्तरेला कार्लसॉयला हिमकड्याने एक घर आणि शेळ्यांचा गोठा समुद्रात नेला, दोन माणसं गेली. ती बातमी वाचताना मी जेवण टाकून उठले. शेळ्या म्हटलं की मला आपलाच गोठा दिसतो.

आणि एक. सप्टेंबरात मराठवाड्यातल्या पुराचे व्हिडिओ बघून इथल्या बायकांनी विचारलं, पैसे कुठे पाठवायचे? मी सांगितलं की आमचा देश परक्या सरकारांची मदत २००४ च्या त्सुनामीपासून सहसा घेत नाही, २०१८ ला केरळ बुडालं तेव्हाही घेतली नाही. त्या म्हणाल्या, आम्ही कुठे सरकार आहोत? मला हसू आलं. पण खरं सांगते, तो ताठा मला आवडतो. फक्त परक्याला नको म्हणायचं असेल तर घरातल्याला वेळेवर द्यावं. आपल्याला त्या पुरात पहिलं अन्न कुणी दिलं? वरच्या गल्लीतल्यांनी, पातेलंभर खिचडी. त्यांनी सातबारा मागितला नाही.

तर आता माझं ऐका. या वेळच्या यादीत आपलं नाव आहे, भाऊने सांगितलं. विशिष्ट क्रमांक घेऊन सेवा केंद्रात जा आणि ई-केवायसी करून या. अंगठा उमटत नसेल तर हात कोमट पाण्याने धुऊन पुन्हा लावा. काम करून झिजलेल्या अंगठ्याला मशीन ओळखत नाही, त्याला तुमचा काय इलाज? दोन चकरा होतील, होऊ द्या. रागावून घरी बसू नका.

येत्या २१ तारखेला, ढग नसले तर सूर्य डोंगरावर दिसेल. त्या दिवशी इथं सूर्याचे म्हणून गोड पाव खातात. आजीबाईंना खिडकीशी नेऊन बसवायचं मी कबूल केलंय.

माझे गुडघे दुखत नाहीत, मायला सांगा. वहिनीला आशीर्वाद, पोरांना पापे.

तुमची,
ताई

ता. क. बिबड्या पाठवायच्या तर डब्यात पाठवा, पिशवीत नको. गेल्या वेळी नुसता चुरा आला. तोही मी चमच्याने खाल्ला.